चौथा दोरा

२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तारीख उजव्या कोपऱ्यात, डावीकडे दोन बोटं समास. बघ, अजून सुटत नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या सिस्टरच आपल्याला पत्रलेखन शिकवायच्या. पहिल्या परिच्छेदात समोरच्याची विचारपूस, दुसऱ्यात आपली खुशाली आणि खरं सांगायचं ते तिसऱ्यात, म्हणजे तोवर वाचणाऱ्याचा राग निवलेला असतो.

तर, तुझा गुडघा कसा आहे? हल्ली तू कठडा धरून जिना चढतेस असं भिंगरीकडून कळलं.

मी बरी आहे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून सुईत दोरा पहिल्या खेपेला जातो.

आता तिसरा परिच्छेद. तुझ्या लेकीला बक्षीस मिळतंय. इथलं व्यापारी मंडळ दरवर्षी दहा तरुण उद्योग निवडतं आणि ते उभे करणाऱ्यांचा जाहीर सत्कार करतं. यंदा त्या दहांत आपली भिंगरी आणि तिची भागीदार, जिला मी लंबू म्हणते, अशा दोघी आहेत. समारंभ १ मार्चला. निमंत्रण आणि छापील पुस्तिका मंडळाकडून तुला थेट येईल. भिंगरी रविवारी फोनवर सांगणार होती, पण तुम्हा मायलेकींचं बोलणं जेवलीस का, झोपतेस का, याच्या पुढे जात नाही म्हणे. तू धंद्याचं विचारत नाहीस, ती सांगत नाही. माझा फोन तर तू दोन वर्षांत उचललेला नाहीस. म्हणून पत्र.

हा धंदा काय आहे ते तरी तुला ठाऊक आहे का? मला पहिले सहा महिने कळलं नव्हतं. दोघी लॅपटॉपवर चित्रं काढत बसायच्या आणि मला वाटायचं, नवी नोकरी शोधताहेत. तर ऐक. त्या लहान मुलांचे वाढणारे कपडे करतात. फ्रॉकच्या घेरात, बाह्यांत, बाजूला आतून चार दुमडी घातलेल्या असतात. प्रत्येक दुमड वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेली. मूल वाढलं की एक दोरा ओढायचा, दुमड उलगडते आणि फ्रॉक दोन बोटं लांब होतो. चार दोरे, चार वर्षं. धंद्याचं नावही तेच ठेवलंय, 'चार दोरे'.

दोरा आईच्या हाताने सुटावा पण मुलाने खेचला तर सुटू नये, ही करामत लंबूची. ती आधी खोकी आणि पोती बनवणाऱ्या कंपनीत होती. पोत्याचं तोंड शिवतात ना, ती शिलाई तिने आणली. एका टोकाने सरसर सुटते, दुसऱ्या टोकाने कितीही ओढा, ढिम्म हलत नाही. सुटणारं टोक बटणाखाली लपवलंय. पाच-पाच वर्षांच्या मुलांच्या हातात नमुने देऊन त्यांनी दोन दिवस गंमत बघितली. एकाने दातांनी ओढलं. टिकलं.

परीक्षकांनी विचारलं, तुम्ही नेमका कोणता प्रॉब्लेम सोडवता आहात? भिंगरी म्हणाली, "मुलं वाढतात." परीक्षक हसले म्हणे. यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांची एक खोली आहे. दोन मशिनं, आणि कापायचं टेबल म्हणजे एका जुन्या दाराला ठोकलेले चार पाय. कडी अजून तशीच आहे, माझ्या कोपराला लागते. मी दुपारी जाते. काज, बटणं आणि हाताची शिलाई माझ्याकडे.

पुस्तिकेत प्रत्येकाची गोष्ट छापली आहे. भिंगरीच्या गोष्टीत एका फ्रॉकचा उल्लेख आहे. तो फार मनावर घेऊ नकोस. अशा छापील गोष्टींना थोडं तिखटमीठ लावतातच.

एक मात्र आहे. मंचावर नमुन्याच्या फ्रॉकचा पहिला दोरा आईने येऊन ओढायचा असं तिने ठरवलंय. आईनेच. तेव्हा ये.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. अठरा वर्षांत तुझ्या हातचं पहिलं अक्षर, आणि शब्द दोनच. "कोणता फ्रॉक?"

उत्तर लिहायला बसले आणि तीन कागद फाडले. हा चौथा.

फ्रॉक म्हणजे माझ्या ट्रंकेतला, फिक्या जांभळ्या रंगाचा. दोन वर्षांपूर्वी भिंगरी विमा कंपनीतली नोकरी सोडून माझ्याकडे आली, तेव्हा तिच्यासाठी जाड पांघरूण काढताना तिला तो सापडला. ती तो घेऊन खिडकीशी गेली आणि बराच वेळ उलटासुलटा करत राहिली. दुसऱ्या दिवशी लंबूला बोलावलं. तिथून हे सगळं सुरू झालं.

तुलाही तो फ्रॉक आठवेल. चार वर्षं तू लांब, म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायच्या नोकरीत होतीस आणि भिंगरी माझ्याजवळ होती. तू तिला न्यायला आलीस तेव्हा ती आठ वर्षांची व्हायला महिना राहिला होता आणि तिने तोच फ्रॉक मुद्दाम घातला होता. तू तिला जवळ घेतलंस, मग फ्रॉकचा घेर उचलून पाहिलास. त्यावर तीन आडव्या रेषा होत्या, उसवलेल्या दुमडींच्या खुणा. तुझा चेहरा असा झाला की मी स्वयंपाकघरात निघून गेले. परत आले तर भिंगरीच्या अंगात नवा, कडक इस्त्रीचा फ्रॉक होता आणि हा पलंगावर पडला होता. तू तो बॅगेत भरला नाहीस.

मला कारण कळलं होतं. कळायला तेव्हाच हवं होतं, शिवतानाच, पण माझं डोकं तिकडे गेलंच नाही.

शाळेचा गणवेश. सिस्टर वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या मुलींच्या स्कर्टमध्ये तीन दुमडी घालायला लावायच्या आणि दरवर्षी एक सोडायच्या. मला तो सोहळा वाटायचा. रांगेत उभं राहायचं, सिस्टर गुडघ्यावर बसून माप घ्यायच्या आणि म्हणायच्या, छान, एका दुमडीची झालीस. पण तुझ्या वाट्याला यायचा माझाच जुना स्कर्ट, तीनही दुमडी सुटलेला, तीन रेषांचा. वर्गातल्या मुली तुला पट्टेवाली म्हणायच्या. तू रेषांवर शाई लावून पाहिलीस, मार खाल्लास. ज्या रेषा मला लाडाच्या वाटल्या, त्याच मी तुझ्या मुलीच्या अंगावर काढल्या.

खालून हाक मारताहेत, काजांचं काम आलंय. थांबते.

ताई


१२ फेब्रुवारी

धाकटे,

काल मी तुला उत्तर दिलं असं समजून पत्र पेटीत टाकलं. परत येताना वाटेत लक्षात आलं की दिलंच नाही. तुझा प्रश्न फ्रॉक कसा होता असा नव्हताच.

पुस्तिकेतलं ते वाक्य मला पाठ झालंय. "मी चार वर्षांची असताना आईने लांबून मला एक फ्रॉक पाठवला. मी किती वाढेन ते तिने आधीच मोजून आत चार दुमडी घातल्या होत्या. मावशी दर वाढदिवसाला एक सोडायची." हे वाचून तुला वाटलं असेल की लेक टोमणा मारते आहे, किंवा मी तिला शिकवून लिहून घेतलंय. दोन्ही नाही. तिला हे खरं वाटतं, कारण मीच तिला तसं सांगितलं होतं.

तो फ्रॉक मी शिवला. तुझ्याकडून आलाय म्हणून तिला दिला. एका जुन्या पार्सलच्या कागदात गुंडाळून, वर तुझं नाव लिहून.

तू गेलीस त्यानंतरचा तिचा पहिला वाढदिवस होता. आदल्या आठवड्यात ती मला आई म्हणाली. चुकून नाही, ठरवून. मी भांडी पुसत होते. ती म्हणाली, "मी तुला आई म्हणू का, म्हणजे मला हाक मारायला कुणीतरी असेल." मी नाही म्हणाले. पण त्याआधी एक क्षण गेला, धाकटे, आणि त्या एका क्षणात मला काय वाटलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. त्याची मला भीती बसली. तुझी आई तिकडे आहे आणि तिचं तुझ्यावर बारीक लक्ष आहे, हे दाखवायला काहीतरी हातात हवं होतं. म्हणून फ्रॉक.

कापड मात्र तुझंच होतं. जाताना तू मला ड्रेससाठी दिलं होतंस ते. त्यामुळे खोटं पूर्ण खोटं नाही अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि ती बरीच वर्षं टिकली.

म्हणजे मी केलं ते चांगलं की वाईट? मी तुझी जागा राखून ठेवत होते की तुझ्या नावाने स्वतःच तिथे बसत होते? मला खरंच कळत नाही. तू येऊन सगळ्यांसमोर "मी पाठवलाच नव्हता" म्हणालीस तरी मी तुला बोल लावणार नाही. पण तिच्या धंद्याची पहिली वीट तीच आहे.

ताई


१४ फेब्रुवारी

अजून एक राहिलंय. हे आधी लिहायला हवं होतं, पण आधीच्या पत्रात जागा उरली नव्हती. असं मी म्हणतेय खरं, पण अर्धं पान कोरं होतं.

त्या चार वर्षांत तुझी पत्रं यायची. महिन्याला एक. प्रत्येकात शेवटी तू लिहायचीस, "उंची कळव, फ्रॉक पाठवते."

मी कळवली नाही. एकदाही नाही. उत्तरात "छान वाढतेय" लिहायचे, "पुढच्या पत्रात मोजून कळवते" लिहायचे. आणि मोजलं नव्हतं असंही नाही. दर वाढदिवसाला कपाटाच्या दाराला आतून उभी करून, डोक्यावर पट्टी धरून, पेन्सिलीने रेघ मारत होते. आकडे समोर असायचे आणि मी ते लिहीत नव्हते. तू विचारायचीस, मी टाळायचे, आणि इकडे तिला तुझ्या नावाचा फ्रॉक घालायचे.

का, ते मला विचारू नकोस. मी अठरा वर्षं शोधतेय. कधी वाटतं, तू चुकीच्या मापाचा पाठवशील आणि पोरगी हिरमुसेल, या काळजीने. कधी वाटतं, ते आकडे तेवढे माझे एकटीचे होते.

दोन वर्षांपूर्वी तू फोनवर म्हणालीस, "पुन्हा घेतलीस ना माझी मुलगी?" मला त्यातलं "पुन्हा" फार लागलं होतं. आता हे लिहिताना वाटतं, तुला तेव्हाही कमीच माहीत होतं.

ताई


२० फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

"भिंगरीला सांगितलंस का?" एवढंच लिहिलंस. रागावलीस की नाही तेही कार्डावरून समजेना. मी ते उजेडात धरूनसुद्धा पाहिलं.

नाही सांगितलं. सोमवारी सांगायचं ठरवून गेले. ती टेबलावर वाकून कापत होती, तोंडात टाचण्या. मी म्हटलं, त्या फ्रॉकचं काय आहे ना. ती टाचण्यांमधून म्हणाली, मावशी, पांढरी बटणं संपली का गं. मी बटणं बघायला उठले. मग एक बाई आल्या जुळ्या मुलींना घेऊन, एक चांगली वीतभर उंच आणि दुसरी ठेंगणी. त्या कपडे बघायच्या आधीच कंटाळल्या होत्या, म्हणाल्या, सारखे कपडे घ्यायचं स्वप्न मी केव्हाच सोडून दिलंय. लंबूने एकाच मापाचे दोन फ्रॉक काढले आणि उंच मुलीच्या फ्रॉकचे दोन दोरे ओढून दिले. दोघींना एकसारखे बसले. ठेंगणी म्हणाली, माझे दोरे शिल्लक आहेत, तुझे संपत आले. उंच पोरगी रडायलाच लागली. या गडबडीत सोमवार गेला.

बुधवारी ती भाषणाची तालीम करत होती आणि लंबू घड्याळ लावून बसली होती. तीन मिनिटांत बसवायचंय म्हणून वाक्यं कापत होत्या. पोत्याच्या शिलाईचं वाक्य गेलं, जुळ्यांचं गेलं. लंबू म्हणाली, आईचं वाक्य मोठं आहे, तेही काप. भिंगरी म्हणाली, ते राहू दे, बाकी सगळं गेलं तरी चालेल.

आता सांग, मी काय बोलणार होते? आता सांगितलं तर ती मंचावर अडखळेल. नंतर सांगितलं तर म्हणेल की मला लोकांसमोर खोटं का बोलू दिलंस. सांगितलंच नाही तर तुला तिथे उभं राहून माझं खोटं निभावावं लागेल, आणि खोटं बोलणं तुला कधीच जमलेलं नाही. शाईच्या वेळीसुद्धा तू लगेच कबूल केलंस, नाहीतर मार वाचला असता.

तू ये आणि खरं सांग. किंवा ये आणि नुसता दोरा ओढ. की येऊच नकोस, मी सांगेन तुझा गुडघा दुखतोय. मी हे तिन्ही मनापासून लिहितेय आणि तिन्ही एकदम कसं खरं असेल ते मला कळत नाही.

ताई


२६ फेब्रुवारी

"अकराची गाडी. घ्यायला येऊ नकोस."

बरं. नाही येत. हॉल स्टेशनपासून सरळ आहे, औषधाच्या दुकानानंतर डावीकडे. पायऱ्या आहेत, पण मागच्या दाराने उतार आहे, तिथून ये.

ताई


४ मार्च

प्रिय धाकटे,

तू तीनच्या गाडीने गेलीसही. आपण एकमेकींशी चार वाक्यं बोललो, त्यातली दोन पाण्याच्या बाटलीबद्दल होती. तुझे केस इतके पांढरे झाले असतील असं मला वाटलं नव्हतं. माझे बघून तुलाही तसंच वाटलं असणार.

तू पुढच्या रांगेत होतीस, मी मुद्दाम शेवटच्या. म्हणून तिथून काय दिसलं ते सांगते.

मला आधी सगळा गोंधळच वाटला. भिंतीला लागून दहा टेबलं आणि प्रत्येकामागे एकेक चुरुचुरु बोलणारी मुलगी नाहीतर मुलगा. दोन भावांनी हात थरथरणाऱ्या माणसांसाठी चमचा केला होता, हात हलला तरी चमचा स्थिर. मी मुद्दाम हात हलवून पाहिला, पाणी सांडलं नाही. त्यातला एक म्हणाला, आजोबांनी सूप सोडलं होतं, आता दोनदा मागतात. एका मुलीने स्वयंपाकघरातल्या डब्यांना लावायच्या चकत्या केल्या होत्या. बोट टेकवलं की आत काय आहे ते चकती बोलून सांगते, दृष्टी गेलेल्यांसाठी. तिच्याच आईच्या आवाजात. मीठ, म्हणाली चकती, आणि जरा थांबून, बेताने. मला हसू आलं आणि मी पुन्हा बोट टेकवलं. एवढ्याशा वयात हे सगळं यांना सुचतं कसं? आपल्याला त्या वयात फक्त सिस्टरच्या नजरेतून सुटणं सुचायचं. पण बघ ना, प्रत्येक टेबलामागे घरातलंच कुणीतरी होतं. आजोबा, आई. नवीन काय ते नंतरचं.

मग भिंगरीचं नाव पुकारलं. ती बोलली. आईचं वाक्य बोलली. टाळ्या झाल्या आणि सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी तुला वर बोलावलं. तू कठडा धरून चढलीस. लंबू धावत हात द्यायला आली, तर तू तिचा हात घेतला नाहीस, हे मी पाहिलं. तू दोरा ओढलास. लाल. दुमड उलगडली, लोक पुन्हा टाळ्या वाजवायला लागले आणि मला वाटलं, सुटले.

तेवढ्यात त्या बाईंनी तुझ्यापुढे माइक धरला आणि विचारलं, इतक्या लांब राहून मुलगी किती वाढेल ते तुम्ही ओळखलंत कसं?

तू त्या सुटलेल्या दोऱ्याकडे पाहिलंस. मी पर्समधल्या बटणांच्या पुडीला घट्ट धरलं होतं.

मग तू म्हणालीस, "लांब असलेली आई दुसरं काय करते? मोजत असते. मी रोज मोजत होते."

आणि खाली उतरलीस. फ्रॉकबद्दल एक शब्द बोलली नाहीस.

लोकांना वाटलं, उत्तर मिळालं. बाजूच्या गृहस्थांनी डोळे पुसले. मला मात्र ते खरं की खोटं हे ठरवता येईना. घरी येईपर्यंत चालताना मी तेच वाक्य उलटंसुलटं करत होते. मग जिन्यातच थांबले. दर महिन्याला उंची विचारणारी बाई मोजतच तर होती. तिला आकडे तेवढे कुणी दिले नव्हते.

आता पुढचं, जे तू गेल्यावर झालं. 

परवा सकाळी मी भिंगरीला खाली बसवलं आणि सांगितलं. फ्रॉक मी शिवला होता. ती सुईत दोरा ओवत होती, ओवून झाल्यावर म्हणाली, "माहीत आहे."

मला काही समजेना. कधीपासून, विचारलं. तर म्हणाली, ट्रंकेतून काढला त्याच दिवशी. दुमडींचा नमुना कागदावर उतरवायला तिने फ्रॉक उलटा केला, तेव्हा चौथा दोरा शिवणीच्या डाव्या बाजूला सुरू होऊन उजवीकडे गेलेला दिसला. गाठ डावीकडे. "उजव्या हाताने शिवणारं माणूस असं शिवतच नाही, मावशी. आई डावखुरी नाही." सिस्टर इतकी वर्षं माझ्या डाव्या हाताच्या बोटांवर पट्टी मारत होत्या, ती शेवटी इथे लागली.

मग तसं का लिहिलंस, मी विचारलं. पुस्तिकेत, सगळ्या जगासमोर?

तिने दोऱ्याला गाठ मारली. मग म्हणाली, "माझ्या लहानपणातलं आईच्या वाट्याला आलं काय? एक फ्रॉक तरी तिचा असू दे."

म्हणजे मंचावर तू तिला सांभाळत होतीस, ती तुला सांभाळत होती, आणि मी मागे बसून दोघींसाठी जीव टांगणीला लावला होता. यात कोण कुणाला फसवत होतं? मी कागदावर मांडून पाहिलं, धाकटे, तरी जमेना.

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण तू विचारलं होतंस, सांगितलंस का. म्हणून उंचीचंही सांगितलं. तुझी पत्रं, माझी "छान वाढतेय" वाली उत्तरं, कपाटाचं दार. ते तिला माहीत नव्हतं. तिने हातातला फ्रॉक खाली ठेवला. कपाट उघडून दाराच्या आतल्या रेघा पाहिल्या, एकेका रेघेवर बोट ठेवून. मग कामाला गेली. मी दुपारी गेले तर लंबूमार्फत मला बटणं दिली. लंबू बिचारी दोघींकडे बघत होती.

संध्याकाळी निघताना ती दारात थांबली आणि पाठमोरीच म्हणाली, "ते आकडे आईला पाठव."

पाठवते आहे.

चौथ्या वाढदिवसाला एकोणचाळीस इंच. पाचव्याला साडेएकेचाळीस. सहाव्याला चव्वेचाळीस. सातव्याला सत्तेचाळीस, त्या वर्षी एकदम वाढली, दातही दोन पडले होते. आठव्याची रेघ माझ्या दारावर नाही, ती तुझ्याकडे असेल.

सोबत फ्रॉक आहे. धुऊन, सावलीत वाळवून पाठवते आहे. तीन दुमडी सुटलेल्या आहेत आणि त्यांच्या तीन रेषा आहेत. त्या तुला आवडणार नाहीत हे मला माहीत आहे. चौथी दुमड, निळ्या दोऱ्याची, आठव्या वाढदिवसाची होती. त्याआधी तू तिला घेऊन गेलीस, म्हणून ती मी कधी सोडली नाही. अठरा वर्षांत दोन-तीनदा कात्री हातात घेतली होती. बाकीचा फ्रॉक विटला, पण त्या दुमडीच्या आतलं कापड अजून तसंच असेल, तू दुकानातून आणलं होतंस त्या रंगाचं.

तो दोरा तुझा आहे. पोत्याच्या शिलाईसारखा नाही सुटणार, हाताचा आहे, जरा धीराने ओढ. आधी गाठ काप. ती कुठल्या बाजूला आहे ते तुला सांगायला नको.

ताई